भाऊ २४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. अम्मानंतर त्याच्या सहीचं काय? (सोलापूर)

कुंभारीची_अक्का

नमस्कार. जरा लांब लिहितेय. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. त्यात लहानपणापासून फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. अठरा पूर्ण होईपर्यंत विशेष शाळेत जायचा, दारापर्यंत गाडी यायची. अठरा झाले, शाळेतून नाव कमी झालं, तेव्हापासून घरीच. सकाळी दारात खुर्ची टाकून बसतो ते अम्माने जेवायला हाक मारेपर्यंत. पूर्वी स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावायचा, आता तेही अम्माने करावं लागतं.

अम्मा विडी कामगार होती. बोटं चालेनाशी झाली, आता पीएफची थोडी पेन्शन येते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीत अम्माच्या नावावर घर आहे, दोघं तिथे राहतात. मी लग्न होऊन जुळे सोलापूरला, युनिफॉर्मच्या कारखान्यात कामाला. आम्ही दोघंच भावंडं.

अडचण अशी आहे. शाळेत असताना त्याचं बँकेत खातं काढलं होतं, अम्माच्या सहीवर चालायचं. अठरा झाल्यावर बँकेत सांगितलं की आता तो सज्ञान, त्यानेच सही करायची. तो सही करत नाही. अंगठा देतो म्हटलं तर साहेबांनी विचारलं, "याला व्यवहार कळतो का?" अम्माने खरं सांगितलं, नाही कळत. झालं, खातं थांबलं. खातं नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्जही पुढे सरकला नाही.

दुसरं, त्याचा दाखला जुना, कागदी, ५० टक्क्यांचा आहे. एका शिबिरात तपासणी झाली होती. घरात आम्ही तेलुगू बोलतो. तपासणाऱ्या मॅडम मराठीतून विचारत होत्या आणि अम्माला बाहेर बसवलं होतं. "एकट्याने आंघोळ करतोस का?" हो. "रस्ता ओलांडतोस का?" हो. "पैसे मोजता येतात का?" हो. तो सगळ्यालाच हो म्हणतो. मोठ्या माणसांनी काही विचारलं की हो म्हणायचं, हे शाळेत शिकलाय. त्या एका 'हो'वर दाखला निघाला.

अम्माला रात्री झोप येत नाही. माझ्या माघारी याच्या कागदांवर सही कोण करणार, हे एकच तिच्या डोक्यात. मी करू शकते का? लग्न झालेल्या बहिणीला चालतं का? सरकारकडून त्याला नक्की काय मिळतं? आणि त्याला दिवसभर कुठे पाठवता येईल? सासरचे म्हणतात, आधी घराचं बघून घे. मला आधी त्याचं बघायचंय.

माढेकर

ताई, एक सांगतो, एजंटाच्या हाती पैसे देऊ नका. दिव्यांगाचा दाखला काढायला फी नसते. ऑनलाइन अर्ज सायबर कॅफेवाला भरून देतो, त्याचे काय ते वीस-पन्नास द्या. बाकी माहिती जाणकार सांगतीलच.

निवृत्त_मेकॅनिक

ताई, मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. माझी मुलगी ३३ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम. तुम्ही लिहिलेलं सगळं आमच्या घरावरून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. शांतपणे वाचा, अम्मांनाही वाचून दाखवा.

सगळ्यात आधी पालकत्वाचा कागद. पेन्शन, पास, विमा त्याच्यानंतर. आपल्याकडे माणूस आधी पेन्शनच्या मागे धावतो, कारण ते पैसे डोळ्यांना दिसतात. पण तुमचंच बघा, पेन्शन कुठे अडली? खात्यापाशी. खातं कुठे अडलं? सहीपाशी. तेव्हा सहीचा प्रश्न सोडवला की बाकीची कामं आपोआप मार्गी लागतात.

मूल अठराचं होईपर्यंत आईबाप कायद्यानेच पालक असतात, वेगळा कागद लागत नाही. अठराव्या वाढदिवसाला ते संपतं, मग लेकराची समज चार वर्षांच्या पोराएवढी का असेना. कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, आणि त्याच्या वतीने सही करायचा अधिकार आईलाही राहत नाही. हे आईबापांना वेळेवर कोणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात देतानाच शाळेने एक साधं पत्रक सोबत दिलं, तर किती घरं या फेऱ्यांतून वाचतील.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारच्या माणसांसाठी तो केलाय. त्या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघं त्यात बसतात. अठरा वर्षांवरच्या अशा व्यक्तीला पालक नेमून द्यायचा अधिकार या समितीला आहे. कोर्टात जायला नको, वकील नको. समितीचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं, तिथेच चौकशी करा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कलम १४ प्रमाणे आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात, आणि अर्ज करणाऱ्याने स्वतःच्या पसंतीच्या माणसाचं नाव पालक म्हणून सुचवायचं असतं. म्हणजे अर्ज अम्मांचा आणि पालक म्हणून नाव तुमचं, असं होऊ शकतं. बहीण लग्न झालेली आहे की नाही, याचा इथे काही संबंध नाही. माझा सल्ला असा की असंच करा. अम्मांनाच पालक करून घेतलंत तर काही वर्षांनी हीच सगळी वाट पुन्हा चालावी लागेल, तीही अशा वेळी जेव्हा तुमचं मन ठिकाणावर नसेल. अम्मा आज समितीसमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगू शकतात की हीच मुलगी त्याचं करते, त्याला काय आवडतं, कशाला घाबरतो, हे हिलाच माहीत आहे. या सांगण्याला मोल आहे.

समिती दोन गोष्टी बघते. पालकाची गरज खरंच आहे का, आणि असली तर कशासाठी. म्हणून अर्जात मोघम 'सर्व बाबींसाठी' असं लिहून सोडू नका. बँक खातं, पेन्शन, औषधोपचाराची संमती, पुढे वारसाहक्काने येणारी मालमत्ता, असं एकेक लिहा. आमच्या मुलीला स्वतःचे कपडे निवडता येतात, कोणाकडे राहायला जायचं नाही हेही ती ठणकावून सांगते. त्या गोष्टी आम्ही कागदात घातल्याच नाहीत. तिचं तिला ठरवता येतं ते तिचंच राहू द्यायचं.

पालक झालात की जबाबदारी येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या नावावर काय-काय आहे याची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. वेगळी वही घाला आणि गोळ्यांची बिलं तिच्यातच टाचून ठेवा. आणि पालकाने हेळसांड केली, पैसे खाल्ले, तर कोणीही नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे जाऊन त्याला काढायला लावू शकते. अम्मांना हे मुद्दाम सांगा. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. कायद्याने पोराला वाऱ्यावर सोडलेलं नाही, एवढं कळलं तरी त्यांना धीर येईल.

बँकेचं. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलंय की स्थानिक स्तर समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं. खातं भावाच्या नावाचं, चालवणारे तुम्ही. शाखेत नवीन माणूस असेल तर त्याला माहीत नसतं, तेव्हा त्या परिपत्रकाची प्रत जवळ ठेवा आणि शाखाधिकाऱ्यांनाच भेटा. काउंटरवर वाद घालून उपयोग नाही, तिथल्या मुलांच्या हातात काही नसतं.

मग संजय गांधी निराधार. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, म्हणून तहसील कार्यालय दक्षिणचं. शहरात राहणाऱ्या नात्यातल्यांनी उत्तरला अर्ज केला असेल, त्यांचं ऐकून तिकडे जाऊ नका. ४० टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा दाखला. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला २५०० रुपये आहेत, आधी १५०० होते. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून म्हणतो आधी खातं. उत्पन्नाचा दाखला अम्मांच्या घरचा काढा, त्यांच्या रेशनकार्डावर. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात.

यापुढचं विडी कामगारांच्या घरांत फार कमी जणांना माहीत असतं. अम्मांची पीएफची पेन्शन म्हणजे १९९५ ची पेन्शन योजना. आम्हा एसटीवाल्यांनाही तीच. साधारणपणे मुलांना ही पेन्शन २५ वर्षांपर्यंतच मिळते. पण मूल कायमचं आणि पूर्ण दिव्यांग असेल तर वयाची अट नाही, हयातभर मिळते. वडील नाहीत, त्यामुळे अम्मांनंतर भावाला अनाथ पेन्शन लागू होईल. २०१४ पासून तिची कमीत कमी रक्कम महिना ७५० आहे. रक्कम लहान आहे, पण ती त्याच्या आईच्या बोटांची कमाई आहे, सोडायची कशाला? पीएफ ऑफिसात जाऊन अम्मांच्या कुटुंबाच्या तपशिलात त्याचं नाव आणि दिव्यांगत्व नोंदलेलं आहे का ते बघा. नसेल तर अम्मा असतानाच नोंदवा. आणि इथेच तो ५० टक्क्यांचा दाखला आडवा येणार, त्याचं आधी करा. त्यातलं जास्त कळणारी माणसं इथे आहेत, ती सांगतील.

घराचंही सांगतो, सासरचे म्हणतात म्हणून नव्हे, भावासाठी. अम्मांनी काहीच लिहून ठेवलं नाही तर मुलगा आणि मुलगी समान वारस. त्याच्या मनात काय आहे ते तो सांगू शकणार नाही, म्हणून अम्मांनी मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदार घ्यावेत. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी. त्याने त्या घरात शेवटपर्यंत राहावं अशी त्यांची इच्छा असेल तर तसं स्पष्ट शब्दांत लिहावं.

आता दिवसाचं. मला विचाराल तर हे पेन्शनपेक्षा मोठं आहे. बटणं लावायचा आणि आता लावत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिथेच माझं बोट थांबलं. आमच्या मुलीचंही तसंच झालं होतं. आलेलं काम हातातून जातं, कारण ते करायची वेळच येत नाही. आई आयतं करून देते, प्रेमाने देते.

विशेष शाळा अठरापर्यंत. त्यापुढच्यांसाठी कार्यशाळा असतात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जाऊन मान्यताप्राप्त कार्यशाळांची यादी मागा, आणि यादीत नाव दिसलं म्हणून थांबू नका, स्वतः जाऊन एक सकाळ बसा. मुलांच्या हातात काम आहे का, की नुसती रांगेत बसवलीत, हे लगेच कळतं. आमची मुलगी जिथे जाते तिथे टॉवेलच्या घड्या घालायचं काम येतं. तिला बारापर्यंत मोजता येत नाही. सातानंतर अकरा, मग पुन्हा पाच. तिथल्या बाईंनी काय केलं, एका फळीवर बारा चौकोन रंगवले. प्रत्येक चौकोनात एक घडी ठेवायची, सगळे भरले की डझन झालं, दोरी बांधायची. आता तिचा गठ्ठा कोणी पुन्हा मोजत नाही. घरी आली की दोन्ही तळहात पुढे करून दाखवते, टॉवेलचे तंतू चिकटलेले असतात. तिला महिन्याला जे थोडे पैसे मिळतात त्यातून तिने आईला गड्ड्याच्या जत्रेत बांगड्या घेऊन दिल्या.

तुमचा भाऊ विडी कामगाराच्या घरातला आहे. बसून हाताने करायचं काम त्याने आयुष्यभर डोळ्यांनी बघितलंय. त्याला जमणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक, कारण याची भीती घालणारे भेटतात. पालकत्वाचा कागद केला म्हणून मतदानाचा हक्क जात नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. आमची मुलगी मत देते, आणि शाई लावलेलं बोट दिवसभर सगळ्यांना दाखवते.

विशेष_शिक्षिका_बार्शी

काकांनी इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त दाखल्याचं आणि विम्याचं बोलते. या मुलांसोबत माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे.

दाखला नवीन काढा, आता तो यूडीआयडी कार्डासकटच (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) निघतो. आधी ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलला तपासणी. बौद्धिक दिव्यांगत्वात ठोकळ प्रमाण असं असतं: सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम असेल तर ७५, तीव्र असेल तर ९०. तुमच्या भावाला सौम्यमध्ये टाकलेलं दिसतंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे बटणं, पैसे, रस्ता, मला तो मध्यम किंवा त्यापुढचा वाटतो, पण ते तपासणारे ठरवतील.

फरक काय पडतो? संजय गांधीला ४० पुरतात, तिथे अडत नाही. पण एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत असली तरी सोबतच्या माणसाला ५० टक्के सवलत ६५ टक्क्यांवरच्यांनाच मिळते. तो एकटा प्रवास करूच शकत नाही, म्हणजे सोबतीची सवलत हीच त्याची खरी सवलत. आयकरात जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्याला दिव्यांग नातेवाइकाच्या सांभाळासाठी ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. आज तुम्हाला लागणार नाही, पुढे लागू शकते. पीएफच्या अनाथ पेन्शनचं काकांनी सांगितलंच.

तपासणीत दोन भाग असतात. एक बुद्ध्यांकाचा आणि दुसरा रोजच्या जगण्याचा, म्हणजे खाणं, कपडे, शौच, पैसा, घराबाहेर वावर. दुसऱ्या भागाचे प्रश्न मुलाला नाही, त्याला रोज सांभाळणाऱ्याला विचारायचे असतात. अम्मांना बाहेर बसवणं म्हणूनच चुकीचं होतं. यावेळी अम्मा आत हव्यातच, आणि त्यांचं मराठी अडखळत असेल तर तुम्ही शेजारी बसून बोला. 'येतं' आणि 'येत नाही' एवढंच सांगू नका. 'शर्ट अंगात घालतो, पण बटणं मी लावते', 'दहाची आणि शंभरची नोट ओळखत नाही', 'फिट आली की दोन तास झोपतो', असं सांगा. घरी आधीच कागदावर लिहून घ्या, तिथे गेल्यावर सुचत नाही. फिट्सचे जुने कागद, ईईजी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सगळं न्या.

त्याला तेलुगूतूनच तपासायचं असेल तर सिकंदराबादला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८४ पासूनची. सोलापूरहून थेट गाड्या आहेत. तिथे त्याच्या भाषेत बोलणारी माणसं भेटतील. तिथला तपासणीचा अहवाल आणून आपल्या सिव्हिलच्या बोर्डापुढे ठेवा, दाखला मात्र इथलाच काढा. आणि जाण्याआधी रेल्वेचं सवलत कार्ड करून घ्या. सोलापूर रेल्वेचं विभागीय ठिकाण आहे, डीआरएम म्हणजे विभागीय व्यवस्थापकांचं ऑफिस गावातच. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, आणि तेवढीच सोबतच्या एका माणसालाही.

आता निरामय. राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. बाहेरच्या रुग्णाची तपासणी, औषधं, थेरपी यांचाही त्यात ठरावीक मर्यादेत समावेश आहे. फिट्सच्या गोळ्यांवर दर महिन्याला खर्च करणाऱ्या घराला हे सोन्यासारखं आहे. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत ऑनलाइन अर्ज होतो. आधी आपण पैसे भरायचे, मग मूळ बिलं लावून परत मागायचे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरलं की विमा गेला. कॅलेंडरवर लाल गोल करा.

मंगळवेढ्याचा_मामा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझा भाचा निवासी संस्थेत आहे आणि सुखात आहे. बहिणीचा संसार, नोकरी, पोरं. आज मन मोठं आहे म्हणून सगळं अंगावर घेताय. दहा वर्षांनी काय परिस्थिती असेल सांगता येत नाही. राष्ट्रीय न्यासाची समर्थ-कम-घरौंदा म्हणून योजना आहे, मोठ्या माणसांना आयुष्यभर राहायची सोय. अम्मा आहेत तोवर तिथे सवय लावलेली काय वाईट? आई गेली त्याच दिवशी पोराला परक्या जागी नेऊन सोडण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

निवृत्त_मेकॅनिक

मामा, राग कशाला? तुमचं शेवटचं वाक्य मला पटतं. दुःखाच्या दिवशी जागा बदलू नये. पण या मुलाने आजवर घर आणि शाळा यापलीकडे काही बघितलेलं नाही. सहा वर्षं खुर्चीत बसलेल्या पोराला एकदम कायमचं राहायला पाठवलं तर तो खचेल, आणि ती भाषाही त्याची नाही. आधी दिवसाच्या कार्यशाळेत जाऊ द्या. मग तुम्ही म्हणता त्याच योजनेत काही दिवसांपुरतं राहायचीही सोय असते, अम्मांचं दवाखान्याचं काही निघालं तर ती वापरता येते. रात्र बाहेर काढायची सवय तिथून होते. पुढे निवासी संस्था लागलीच तर तीही बहिणीने पालक म्हणून अधूनमधून जाऊन बघावी. माणूस तिथे ठेवला म्हणजे पालकत्व संपत नाही. तुमच्या भाच्याचा पालक म्हणून कोणाचं नाव आहे? कागद झालाय का?

मंगळवेढ्याचा_मामा

नाही झालेला. बहीण आणि दाजी दोघांच्या नावाने करावा म्हणतो. समिती आपल्या जिल्ह्याची एकच, म्हणजे सोलापूरलाच यावं लागेल ना?

निवृत्त_मेकॅनिक

हो. आईवडील दोघं हयात असतील तर अर्ज दोघांनी मिळून करायचा. लवकर करा.

कुंभारीतलाच

अक्का, आपल्याच वसाहतीतला आहे. काकांनी सांगितलं त्यात एक जोडतो, आपलं घर ग्रामपंचायतीत येतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो. तुमच्या भावाचं नाव ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहे का बघा. नसेल तर ग्रामसेवकाकडे यूडीआयडीची झेरॉक्स लावून अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज तोंडी करू नका. ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा मी उठून बोलतो, पण बोलणारा मी एकटाच असतो. आपल्या गल्लीतच अशी आणखी मुलं आहेत, त्यांच्या आयांना घेऊन आलात तर ऐकतील.

कुंभारीची_अक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. अम्माला काल रात्री तेलुगूत सगळं सांगितलं. पीएफचं ऐकून तिने पत्र्याच्या पेटीतून विडी कारखान्याचं जुनं कार्ड काढलं, त्यावर भावाचं नावच नाही, फक्त वडिलांचं आणि माझं आहे. तो नंतर जन्मला. म्हणजे काका म्हणाले तेच, आधी नोंदवावं लागणार.

फळीचं वाचून मी भावाला बसवलं आणि शर्ट अंगात न घालता मांडीवर ठेवून दोन बटणं लावायला लावली. एक लागलं. अम्मा मध्ये हात घालणार होती, मी थांबवलं.

काका, आणखी दोन विचारते. समितीच्या अर्जाला कोणाकोणाचे फोटो आणि कागद लागतील? आणि दाखला नवीन यायच्या आधी, जुन्या ५० टक्क्यांवर अर्ज केला तर चालेल का, की थांबू?

ग्रामसभेला मी येते दादा. कधी आहे ते इथेच कळवा.

निवृत्त_मेकॅनिक

थांबू नका. पालकत्वाला दाखला लागतो, तो किती टक्क्यांचा यावर हे अडत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व लिहिलेलं असलं म्हणजे झालं. दोन्ही कामं सोबत चालू द्या, नवा दाखला आला की त्याची प्रत जोडा. फोटो भावाचे, अम्मांचे आणि तुमचे. भावाच्या वयाचा पुरावा, तिघांचं आधार, अम्मांचं रेशनकार्ड, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आणि पालक व्हायला तुमची लेखी संमती. तुमच्या यजमानांचीही संमती एका कागदावर घेऊन ठेवा, मागितली नाही तरी. अर्जाचा ठरलेला नमुना आहे, तो तिथेच घ्या आणि पूर्ण भरून दोन प्रती करा, एकीवर तारखेचा शिक्का मारून आणा.

पीएफ ऑफिसला अम्मांना सोबत न्याच, आणि ते जुनं कार्डही न्या. भावाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला दोन्हीवर आईचं नाव एकसारखं लिहिलंय का, हे घरीच तपासून घ्या. आपल्या पूर्व भागातल्या कागदांवर तेलुगू आडनावं प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहिलेली असतात आणि नेमकं तिथेच काम अडतं. वेगळं असेल तर मला इथेच सांगा, प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते लिहितो.